लेपर्ड गेकोची मादी: अंडी येत नाहीत, अडकतात किंवा फुकट जातात तेव्हा

लेपर्ड गेको या पाळीव पालीची जोडी जमवून तीन महिने झाले तरी अंडी नाहीत. किंवा आली ती पिवळी, लिबलिबीत. किंवा मादी दोन दिवस डबा उकरतेय आणि अंडं काही बाहेर पडत नाही. या तिन्ही तक्रारींचे उपाय वेगळे आहेत, पण मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतं: नर आणण्याआधीच्या चार-सहा महिन्यांत मादीच्या अंगात काय साठलं होतं. म्हणून शोध तिथूनच सुरू करायचा.

इथले सगळे आकडे यूब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या लेपर्ड गेकोचे आहेत. क्रेस्टेड गेको या दुसऱ्या पाळीव पालीला ते लावू नका. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. याच वंशातल्या फस्कस आणि २०१४ मध्ये नोंदवलेली सातपुराएन्सिस या पाली आपल्याकडच्या रानात राहतात. त्या पकडून आणायच्या नाहीत, जोड लावायला तर नाहीच. भारतात राहून गेको पाळायचा असेल तर त्या प्रजातीला परवानगी आहे का, हे वनविभागाकडून आधी विचारून घ्या.

वजनकाटा आणि वही

सामान थोडंच लागतं. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, लांब वायरीच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर, हीट मॅट असेल तर तिला थर्मोस्टॅट, एक छोटी टॉर्च आणि वही. काचेला चिकटवायचे गोल थर्मामीटर हवेचं तापमान दाखवतात, तेही अंदाजे. मादीच्या पोटाखालची फरशी किती गरम आहे ते त्यांच्यावरून कळत नाही.

मादीचं वजन आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी, खायला देण्याआधी घ्या. शेजारी चार गोष्टी लिहा: किती किडे खाल्ले, कात कधी टाकली, नरासोबत कधी ठेवली, पोटात काय दिसलं. पुढे डॉक्टरकडे जायची वेळ आली तर हेच पान सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

आधी खात्री: मादी आहे, आणि वयात आली आहे

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. लहानपणी 'मादी' म्हणून विकलेले बरेच गेको पुढे नर निघतात. पारदर्शक डब्यात ठेवून खालून पाहा. मागच्या दोन पायांच्या मध्ये, गुदद्वाराच्या वरच्या बाजूला, उलट्या व्ही आकारात ठळक, मेणचट ठिपक्यांची ओळ असेल आणि शेपटीच्या मुळाशी दोन फुगवटे असतील तर तो नर. मादीला ती ओळ पुसट असते आणि फुगवटे नसतात. दोन नर एकत्र ठेवले तर जीवघेणी मारामारी होते, त्यामुळे हे जोड लावण्याआधीच पाहायचं.

वय किमान एक वर्ष, खरं तर दीड वर्ष असावं. वजन ४५ ग्रॅमच्या खाली असेल तर थांबा. ५० ग्रॅमच्या वर असलेली बरी. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. शेपटी मानेइतकी जाड हवी, कारण अंड्यातल्या पिवळ्या बलकाची चरबी तिथून येते. ५५ ग्रॅमची, पण बारीक शेपटीची मोठ्या हाडाची मादी ही ४८ ग्रॅमच्या गुबगुबीत मादीपेक्षा जास्त धोक्यात असते. नऊ-दहा महिन्यांची मादीही अंडी घालते, हे खरं. पण त्या वयात तिची स्वतःची हाडं अजून भरत असतात आणि कॅल्शियम दोन्हीकडे पुरत नाही.

जास्त लठ्ठ मादीही अडचणीची. काखेत मोठ्या चरबीच्या गाठी दिसत असतील, शेपटी मानेपेक्षा बरीच रुंद असेल, तर वॅक्सवर्म (चरबीने भरलेल्या अळ्या) बंद करा आणि दोन-तीन महिन्यांत हळूहळू वजन उतरू द्या.

ऊब, उजेड आणि थंडीचा काळ

गरम बाजूच्या गुहेत फरशीचं तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड बाजू २४ ते २६. रात्री २० ते २२ पर्यंत उतरलं तरी चालतं. गरम बाजू २८ वर अडकली असेल तर मादी खाते पण पचत नाही, वजन वाढत नाही आणि अंडाशय जागचं हलत नाही. पुष्कळ 'वांझ' माद्या नुसता थर्मोस्टॅट नीट लावल्यावर दोन महिन्यांत अंड्यावर आल्या, असं अनुभवी पाळणारे सांगतात, आणि त्यात आश्चर्य काही नाही.

ही पाल मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ भागातली. तिथला हिवाळा कडक असतो आणि वीण त्यानंतर सुरू होते. त्यामुळे घरात वर्षभर सारखीच ऊब आणि सारखाच उजेड असेल तर काही माद्यांना हंगाम सुरू झाल्याचं कळतच नाही. लंडन-न्यू जर्सीत खोली बाराही महिने हीटरवर असते, मुंबईत मुळात थंडीच नाही. पुण्या-नाशिकला जानेवारीच्या रात्री पुरेशा गार असतात, फक्त दिवसाची मॅट किती चालू ठेवायची ते ठरवावं लागतं.

थंडी द्यायची तर अशी. मादी निरोगी आणि भरलेल्या शेपटीची असेल तरच. आधी खाणं बंद करा, पण ऊब १० ते १४ दिवस तशीच ठेवा, म्हणजे पोट रिकामं होईल. पोटात किडे असताना गार केलं तर ते आतच सडतात. मग दोन आठवड्यांत तापमान उतरवत १८ ते २० अंशांवर आणा, उजेड १० तासांवर आणा, आणि सहा ते आठ आठवडे तिथेच ठेवा. पाणी मात्र कायम. वजन ५ टक्क्यांहून जास्त घटलं तर लगेच परत उबेत घ्या. वर आणतानाही आठवडा-दोन आठवडे लावा, उजेड १४ तासांपर्यंत न्या, आणि तीन-चार आठवडे पोटभर खाऊ घातल्यावरच नराचा विचार करा. हे सगळं अनिवार्य नाही. थंडीशिवायही पुष्कळ माद्या अंडी देतात. म्हणून पहिल्या वर्षी नुसता उजेडाचा काळ कमी-जास्त करून पाहा. कमजोर मादीला 'थंडीने जमेल' म्हणून गार करणं हा मात्र शुद्ध आततायीपणा.

मादी नराला जवळ येऊ देत नाही

मादीला नराच्या घरात सोडा, उलट करू नका. आपल्या जागेत नर स्थिर असतो. नर शेपटीचं टोक जमिनीवर थरथरवतो, तो आवाज कानाला ऐकू येतो. मग तो मादीला चाटत, हलके चावत मानेपर्यंत पोचतो. तयार मादी जागच्या जागी थांबते आणि शेपटी उचलते. जुळणं काही मिनिटांत आटपतं. मादी पाठ उंचावून उभी राहिली, ओरडली किंवा उलट चावली तर तिला उचलून घ्या आणि पाच-सात दिवसांनी परत पाहा. पहिली १५-२० मिनिटं तिथून हलू नका. मानेवर दातांचे बारीक ओरखडे येणारच. पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने पुसले की पुरे. शेपटी किंवा पायाला चावा असेल तर त्या जोडीला वेगळं करा. काम झालं की वेगळे ठेवा. नरासोबत महिनोन्‌महिने ठेवलेली मादी खाणं सोडते आणि झुरते.

चार-पाच वेळा नकार आला तर तीन शक्यता. एक, अजून तिच्या पोटात बीजांडं वाढलेली नाहीत. हे पुढे टॉर्चने बघायचं. दोन, नरातच दोष आहे: शेपटीच्या मुळाशी वाळलेल्या मेणासारखे खडे, बोटांवर अडकलेली कात, आळस. दुसरा नर लावून बघा. तीन, मादी 'गरम अंड्यातली' आहे. या प्रजातीत नर की मादी हे अंडं उबवण्याच्या तापमानावर ठरतं: २६ ते २८ अंशांना जवळपास सगळ्या माद्या, ३२-३३ च्या आसपास बहुतेक नर, आणि ३४-३५ ला पुन्हा माद्या. १९८८ मध्ये गुट्झके आणि क्रूझ यांनी 'नेचर'मध्ये मांडलं की जास्त उबेत वाढलेल्या माद्यांचं वागणंही बदलतं; त्या नराला प्रतिसाद देत नाहीत, उलट अंगावर धावून जातात. अशा सगळ्याच निकामी नसतात, पण अंगाने दांडगी, डोकं रुंद आणि कायम भांडखोर अशी मादी असेल तर विकणाऱ्याला उबवणीचं तापमान विचारा. तिच्यामागे दोन हंगाम घालवण्यात अर्थ नाही.

मादीने खाणं सोडलं

फेब्रुवारी-मार्चमध्ये मादी एकदम खाईनाशी होते आणि घरात घबराट पसरते. आधी टॉर्च घ्या. मादीला पारदर्शक डब्यात ठेवून खालून बाजूने उजेड टाका आणि पोटाचा खालचा भाग बघा. त्वचेआड वाटाण्याएवढी दोन गुलाबीसर गोल वर्तुळं दिसली तर ती वाढती बीजांडं. या काळात दोन-तीन आठवडे खाणं कमी होणं नेहमीचंच. वजन १० टक्क्यांपर्यंत घटलं तरी ती चपळ असेल, डोळे टवटवीत असतील, तर वाट बघा. त्यापुढे घसरण चालू राहिली तर डॉक्टर.

काही दिवसांनी गोल वर्तुळांच्या जागी लांबट, पांढरट आकार दिसू लागतात. ही कवच चढलेली अंडी, आणि आता मादी पुन्हा अधाशासारखी खाते. जुळल्यापासून साधारण तीन ते चार आठवड्यांनी पहिली अंडी पडतात. पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी दोन-दोन, हंगामात चार-पाच वेळा, कधी त्याहूनही जास्त. एकदाच जुळलेली मादी वीर्य साठवून ठेवते आणि पुढच्या कित्येक खेपा फलित देऊ शकते. त्यामुळे दर वेळी नर लावत बसण्याची गरज नाही.

कधीकधी ती गोल वर्तुळं चार-पाच आठवडे तशीच राहतात. वाढत नाहीत, फुटत नाहीत, विरतही नाहीत. मादी खात नाही आणि सुकत जाते. याला डॉक्टर फॉलिक्युलर स्टेसिस म्हणतात. कोमट पाण्यात ठेवणं, अंडी घालायचा ओला डबा, कॅल्शियम यांपैकी कशाचाही इथे उपयोग नाही, कारण बाहेर काढण्यासारखं अंडंच अजून नसतं. सोनोग्राफी करून ठरवावं लागतं, आणि पुष्कळदा अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो.

अंडं अडकलं

सगळ्यात जास्त माद्या इथे दगावतात आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. पहिलं कारण फार साधं असतं: अंडी घालायला जागा नाही. मादीला ओलसर, खोल, अंधारी माती हवी. ती नसली तर ती अंडी धरून ठेवते, किंवा नाइलाजाने कोरड्यावर टाकते आणि ती तासाभरात चिंबतात.

डबा असा करा. २० × १५ सेंटीमीटरचा, १० सेंटीमीटर उंच झाकणाचा प्लास्टिकचा डबा. झाकणाला किंवा बाजूला ५ सेंटीमीटरचं भोक, कड काचकागदाने घासून गुळगुळीत केलेली. आत ६-७ सेंटीमीटर ओलं कोकोपीट किंवा व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज). ओल किती? मूठभर घेऊन घट्ट दाबा: गोळा टिकला पाहिजे आणि बोटांतून थेंब गळता कामा नये. डबा गरम आणि थंड बाजूच्या मधोमध ठेवा, म्हणजे आत २८ अंशांच्या आसपास राहतं. तो जुळल्यापासून दहाव्या दिवशीच आत गेला पाहिजे, अंडी दिसू लागल्यावर नाही.

मादी एक-दोन दिवस उकरते, आत-बाहेर करते, हे ठीक. मग एका सकाळी तिची कूस खपाटीला गेलेली दिसते. लगेच तिला काट्यावर ठेवा. एक अंडं साधारण ३ ते ४ ग्रॅमचं, म्हणजे दोन पडली तर वजन ६ ते ८ ग्रॅम उतरतं. डब्यात एकच अंडं आणि वजन फक्त तीन-चार ग्रॅमने उतरलं, तर टॉर्चने पोट पाहा. पहिलटकरीण कधीकधी खरोखरच एकच अंडं घालते. आत दुसरा लांबट आकार दिसत असेल तर मात्र ते अडकलंय.

अडकल्याची खूण म्हणजे दोन दिवसांहून जास्त सतत उकरणं, कळा दिल्यासारखं मागचे पाय ताणणं, नंतर एकदम गळून पडणं, डोळे मिटून थंड बाजूला पडून राहणं. पहिलं अंडं पडून ४८ तास झाले तरी दुसरं आलं नाही, तर थांबू नका, डॉक्टरला गाठा. तोवर घरी एवढंच करा: गरम बाजू ३१-३२ ला पक्की ठेवा, डब्यातली ओल तपासा, घरावर कापड टाकून अंधार आणि शांतता द्या, आणि ३० अंशांच्या कोमट पाण्यात, फक्त पोट बुडेल इतक्याच, १५ ते २० मिनिटं दिवसातून एकदा ठेवा. पोट दाबून अंडं सरकवायला जाऊ नका. आतल्या आत फुटलं तर बलक पोटात पसरून जंतुसंसर्ग होतो आणि मादी जाते. गुदद्वारातून टोक दिसत असलं तरी ओढू नका. आतला लाल मांसल भाग बाहेर आला असेल तर तो सलाइनने सतत ओला ठेवा, मादीला ओल्या टिश्यू पेपरवर ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

डॉक्टर सरपटणारे प्राणी बघणारेच हवेत. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात आधी फोन करून विचारा. एक्स-रेमध्ये कवच चढलेली अंडी दिसतात, किती आहेत आणि आकार वेडावाकडा आहे का ते कळतं. रक्तात कॅल्शियम कमी असेल तर अंडनलिकेचे स्नायू आकुंचनच पावत नाहीत. म्हणून आधी पाणी आणि कॅल्शियम भरून काढतात, मग ऑक्सिटोसिन, म्हणजे कळा आणणारं संप्रेरक, देतात. कासवांमध्ये ते जेवढं हमखास चालतं तेवढं पालींमध्ये चालत नाही. नाहीच चाललं तर शस्त्रक्रिया. ऑक्सिटोसिन घरी टोचण्याचा विचारही नको. अंडं मोठं किंवा चिकटलेलं असेल आणि नलिका आकुंचन पावली, तर ती फाटते.

कॅल्शियमचा हिशेब

अडकण्यामागचं दुसरं मोठं कारण हेच, आणि ते सहसा तिसऱ्या-चौथ्या खेपेला बाहेर येतं. बोटं थरथरणं, जबडा मऊ होणं, चालताना पोट जमिनीला घासणं ही लक्षणं दिसेपर्यंत हाडांतून बरंच काही गेलेलं असतं. क्रेस्टेड गेकोच्या टाळूवर कॅल्शियमच्या पांढऱ्या पिशव्या दिसतात आणि साठा किती उरलाय ते तोंड उघडून कळतं. लेपर्ड गेकोत तशी सोय नाही.

हंगामात प्रत्येक वेळी किड्यांना व्हिटॅमिन डी-३ नसलेल्या कॅल्शियम कार्बोनेटची पूड लावा. पिशवीत किडे घालून हलवले की बारीक थर बसतो. यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा नसेल तर त्यातल्या आठवड्यातून दोन वेळा डी-३ असलेली पूड वापरा. दिवा असेल तर डी-३ कमी करा, तो साठून विषारी होतो. आठवड्यातून एकदा, ज्यात तयार व्हिटॅमिन ए (रेटिनॉल) आहे असं मल्टिव्हिटॅमिन. शिवाय बाटलीच्या झाकणात साधं कॅल्शियम कायम ठेवा. अंड्यावर आलेली मादी ते स्वतःहून चाटते. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून घालू नका, त्यात डी-३ किती आहे याचा मेळ बसत नाही.

किड्यांनाच आधी २४ तास गाजर, भोपळा, शेवग्याचा पाला खाऊ घाला. क्रिकेट (रातकिडे), डुबिया झुरळं, रेशीमकिडे चांगले. मीलवर्म चालतात, पण फक्त तेच देऊ नका. घरातली झुरळं कधीच नाहीत, त्यांच्या अंगावर फवाऱ्याचं विष असतं. किडा मादीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको.

अंडी आली पण फुकट गेली

फलित अंडं पांढरं, खडूसारखं आणि हाताला टणक लागतं. निष्फळ अंडं पिवळट, चिकट, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं असतं. तरुण मादीची पहिली खेप निष्फळ जाणं सामान्य आहे. तिसरीही गेली तर नर बदला आणि मादीची विष्ठा तपासून घ्या. शेपटी काडीसारखी होत चाललेली मादी क्रिप्टोस्पोरिडियम या आतड्यातल्या परजीवीने ग्रासलेली असू शकते. त्याला खात्रीचा इलाज नाही आणि ही लागण भांड्यांतून, हातांतून दुसऱ्या प्राण्यांत जाते. तिला जोड लावायचीच नाही.

अंडं उचलताना जसं होतं तसंच उचला आणि वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा. पहिल्या दिवसानंतर ते उलटलं तर आतला जीव मरतो. सात-दहा दिवसांनी अंधारात खालून टॉर्च लावा: गुलाबी उजेड आणि लाल शिरांचं जाळं दिसलं की काम झालं. घरातल्या भिंतीवरच्या पालीचं अंडं कडक कवचाचं असतं, ते कोरड्या फटीतही तगतं. लेपर्ड गेकोच्या अंड्याचं कवच चामड्यासारखं लवचिक असतं आणि ते बाहेरची ओल पितं. म्हणून व्हर्मिक्युलाइट आणि पाणी वजनाने समान घ्या, अंडी अर्धी पुरा. पहिल्या काही आठवड्यांत खळगा पडला तर कडेने थोडं पाणी घाला. शेवटच्या आठवड्यात पडलेला खळगा आणि घामाचे थेंब ही पिल्लू येण्याची तयारी. २७ अंशांना साधारण ५५ ते ६५ दिवस, ३१-३२ ला ४० ते ५०. टणक अंड्यावर थोडी बुरशी दिसली म्हणून ते फेकू नका. कोरड्या कापसाने टिपा आणि शेजारच्यापासून दूर ठेवा. अंडी चांगली दिसून अर्ध्यावर मरत असतील तर इन्क्युबेटर (उबवणीची पेटी) ३४ च्या वर जातोय का ते बघा. तसं नसेल तर मादीच्या व्हिटॅमिन ए आणि कॅल्शियमकडे परत या.

कुठे थांबायचं

वजन ४५ च्या खाली गेलं किंवा शेपटी बसली तर हंगाम संपला. साठवलेल्या वीर्यावर ती पुढेही अंडी घालत राहील, म्हणून नर काढून घेतला तरी खाणं, ऊब, कॅल्शियम आणि ओला डबा चालूच ठेवा. एकदा शस्त्रक्रिया झालेली, दोनदा अंडं अडकलेली मादी पुन्हा लावू नये. लेमन फ्रॉस्ट आणि एनिग्मा हे रंगप्रकार तर नकोच. पहिल्यात त्वचेच्या रंगपेशींचे ट्यूमर होतात आणि २०२१ मध्ये त्याचा संबंध स्पिंट-१ या जनुकाशी जोडला गेला. दुसऱ्यात डोकं फिरवत गोल गोल फिरण्याचा मेंदूचा दोष असतो आणि तो पिल्लांतही उतरतो.

आणि नर कधीच न पाहिलेली एकटी मादीही वसंतात अंडी घालू शकते, ती अर्थात निष्फळ. तिचं अंडंही तितकंच अडकतं. त्यामुळे जोड लावायची नसली तरी फेब्रुवारी उजाडला की तिच्या घरात ओला डबा ठेवा आणि टॉर्चने पोट बघायला लागा.